मुक्कामाची जोखीम

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेल्या गाडीला पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. रुळांच्या एका अंगाला कल्याण पूर्वेची दाट वस्ती, दुसऱ्या अंगाला फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिलेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्याकडून नाव मिळालेले उल्हासनगर, जवळच राज्य परिवहनाचे आगार आणि थोड्याच अंतरावर वालधुनी नदी, असा या जागेचा भूगोल आहे. उल्हासनगरात कापड व तयार कपड्यांच्या खरेदीसाठी परगावाहून येणारा व्यापारी, इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णाचा नातलग, परीक्षेला आलेला उमेदवार, लग्नाचे वऱ्हाड, पहाटेची गाडी गाठू पाहणारा प्रवासी, या सर्वांना एखाद्या रात्रीचा आसरा हवा असतो, आणि तो बहुधा तळमजल्यावर उपाहारगृह व वर दहा-पंधरा खोल्या अशा बेताच्या लॉजमध्ये मिळतो. अशा लॉजच्या मालकाकडे विम्याची चौकशी केली, तर कपाटातून पुष्कळदा एकच कागद निघतो : कर्ज देताना बँकेने आग्रह धरला म्हणून उतरविलेला आगीचा विमा. त्या कागदाने बँकेचे तारण सुरक्षित होते. किंबहुना बहुतेक दस्तऐवजांत भरपाईची रक्कम प्रथम बँकेच्या हाती जाईल असे कलमच असते. परंतु ज्याच्यामुळे हा धंदा धंदा ठरतो, तो मुक्कामाला आलेला परका मनुष्य या कागदात कोठेच नसतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की हॉटेलच्या विम्याचा विचार भिंतींपासून सुरू न करता पाहुण्यापासून सुरू केला पाहिजे.

पाहुण्याला आसरा देण्याची आपल्याकडील परंपरा फार जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा जो लेख कोरलेला आहे, त्यात भडोच, दशपूर व गोवर्धन यांच्या बरोबरीने शूर्पारक, म्हणजे आजचे नालासोपारा, येथेही त्याने चौसोपी विश्रामगृहे बांधून दिल्याची नोंद आहे. ते दानधर्माचे काम होते. मोबदला घेऊन आसरा देण्याची रीत रूढ झाली, तेव्हा पुण्याच्या जागी करार आला आणि करारापाठोपाठ उत्तरदायित्व आले. आधुनिक काळात या दोन गोष्टी एकाच घराण्यात लागोपाठच्या पिढ्यांत घडल्या, हा योग मला लक्षणीय वाटतो. जमशेटजी टाटांनी १९०३ साली अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडले आणि त्यांचे चिरंजीव सर दोराबजी यांनी १९१९ साली न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स ही विमा कंपनी स्थापन केली. पुढे १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन शंभराहून अधिक कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या, त्यांतील एक हीच. आणि या शतकाच्या आरंभी हे क्षेत्र पुन्हा खाजगी कंपन्यांना खुले झाले.

प्रथम मालमत्तेचा विचार करू, कारण तो सोपा आहे. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी दोन प्रमाणित विमापत्रे अमलात आली. ज्या ठिकाणच्या विमायोग्य मालमत्तेची एकूण किंमत पाच कोटी रुपयांपर्यंत असेल, तेथे ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, आणि पाच ते पन्नास कोटींपर्यंत असेल, तेथे ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. विठ्ठलवाडीतील बहुतेक लॉज पहिल्या प्रकारात मोडतील. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, दंगल, पाण्याची टाकी फुटणे इत्यादी संकटे यात मुळातच अंतर्भूत आहेत. कोणत्याही कंपनीकडे गेले तरी या विमापत्राचा मसुदा तोच राहतो, ही सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

पूर मुळातच अंतर्भूत असणे ही गोष्ट या भागात क्षुल्लक नाही. पूर्वीच्या आगीच्या विम्यात वादळ व पूर यांचे संरक्षण वगळून हप्त्यात सवलत मिळविण्याची मुभा होती, आणि ज्यांनी ती घेतली असेल, त्यांना २६ जुलै २००५ चा दिवस फार महाग पडला असणार. त्या एका दिवसात सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या महापुराने कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांनाही तितक्याच निर्दयपणे वेढले. अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिलाहारकालीन शिवमंदिराच्या पायथ्याशी वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे येते. वाटेत तिच्या पात्रात किती बांधकामे, किती राडारोडा आणि किती सांडपाणी येऊन पडले आहे, हे या भागातील रहिवाशाला सांगण्याची गरज नाही. तळमजल्यावरील भटारखाना, शीतपेट्या, पिठाचे व तांदळाचे कोठार, विजेचे मीटर, हे सगळे पुराच्या पाण्याच्या पहिल्या फूटभर उंचीतच सापडते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून शेकडो प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ही घटना तर सर्वांच्या स्मरणात आहे.

पाण्याइतकाच शेजारही ध्यानात घ्यावा लागतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत झालेल्या स्फोटांनी दूरदूरच्या इमारतींच्या काचा फोडल्या. स्फोट दुसऱ्याच्या आवारात झाला तरी त्याने आपल्या मालमत्तेची हानी झाली असेल, तर आपल्याच विम्यातून भरपाई मागता येते. दोषी कोण याचा निर्णय लागेपर्यंत थांबावे लागत नाही. मग आपल्या वतीने त्या दोषी पक्षाचा पाठपुरावा करण्याचा अधिकार विमा कंपनीकडे जातो.

आता किमतीचा प्रश्न. येथे जी गफलत होते, ती इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यावर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे. जागेची खरेदीची किंमत हाच विम्याचा आकडा, अशी अनेकांची समजूत असते. त्या आकड्यात जमिनीची किंमत मिसळलेली असते, आणि जमीन काही जळत नाही. उलटपक्षी, दहा वर्षांपूर्वी केलेल्या सजावटीचा तेव्हाचाच खर्च विमापत्रात वर्षानुवर्षे तसाच राहतो, आणि आज ते सारे नव्याने उभारायला लागणारी रक्कम कोणी हिशेबात धरत नाही. इमला, फर्निचर व यंत्रसामग्री यांची किंमत ठरवायची ती आज पुन्हा तसेच उभे करण्याच्या खर्चाने. समजा, हा खर्च एक कोटी आहे आणि विमा साठ लाखांचाच घेतला आहे. आगीत वीस लाखांचे नुकसान झाले. मालकाला वाटते, साठ लाखांच्या आत आहे, सगळे मिळेल. परंतु विमाशास्त्राच्या नियमाप्रमाणे उरलेल्या चाळीस टक्क्यांची जोखीम त्याने स्वतःच्या अंगावर घेतलेली असते, म्हणून हाती पडतात बारा लाख. सूक्ष्म उद्यम विमापत्रात ही तूट पंधरा टक्क्यांच्या आत असल्यास ती दृष्टीआड केली जाते, ही मोठीच सवलत; पण पंधरा टक्के म्हणजे दोन-तीन वर्षांची महागाई, त्याहून अधिक काही नव्हे. तेव्हा दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी आकडा नव्याने तपासला पाहिजे. गाळा भाड्याचा वा पागडीचा असेल, तर इमारतीचा विमा मालकाने आणि आतल्या सजावटीचा, भांड्याकुंड्यांचा व साठ्याचा विमा चालकाने, अशी विभागणी करारनाम्यातच नमूद असणे श्रेयस्कर.

आग विझल्यावर, पाणी ओसरल्यावर, दुरुस्तीसाठी चार महिने दरवाजा बंद राहतो आणि त्या काळात भाडे, कर्जाचा हप्ता व जुन्या आचाऱ्याचा पगार मात्र थांबत नाही. धंदा बंद राहिल्याने होणाऱ्या या नुकसानीचा विमा वेगळा असतो, आणि तो मालमत्तेच्या विम्याला जोडून घ्यावा लागतो. मालमत्तेला प्रत्यक्ष इजा झाली तरच तो लागू पडतो, हे त्याचे मर्म मार्च २०२० मधील करोनाच्या टाळेबंदीनंतर हजारो हॉटेलमालकांना कळले. महाराष्ट्रातील उपाहारगृहांत बसून जेवण्याची मुभा ऑक्टोबर २०२० मध्ये मिळाली. तोपर्यंतच्या सहा महिन्यांत एकही भिंत पडली नव्हती, म्हणून बहुतेकांचे दावे विमापत्राच्या शब्दांतच बसले नाहीत. इंग्लंडात मात्र अनेक विमापत्रांत साथीच्या रोगाविषयीची कलमे जोडलेली होती, आणि १५ जानेवारी २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्थ मुख्यत्वे विमाधारकांच्या बाजूने लावला. दोन देशांतील धंदेवाल्यांच्या नशिबात जो फरक पडला, त्याचे एक मोठे कारण विमापत्रातील चार-दोन वाक्ये हे होते. म्हणून विमापत्र वाचण्याचा आग्रह मी पुनःपुन्हा धरतो.

येथवर झाले ते वास्तूचे. आता पाहुणा. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात निक्षेपाची, म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेल्या वस्तूच्या जपणुकीची, जी कलमे आहेत, त्यांचा हॉटेलच्या संदर्भात किती खोल अर्थ आहे, हे १४ नोव्हेंबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने स्पष्ट झाले. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात आलेल्या एका ग्राहकाने आपली मारुती झेन गाडी व तिची किल्ली हॉटेलच्या नोकराच्या हवाली केली. मध्यरात्रीनंतर तो बाहेर आला तो गाडी कोणी दुसऱ्याच इसमाने पळविलेली. गाडीच्या विमा कंपनीने मालकाला भरपाई दिली आणि मग त्याच्या वतीने हॉटेलविरुद्ध दावा मांडला. गाडी मालकाच्या जोखमीवर ठेवली जाते, असे पावतीवर छापलेले होते, हा हॉटेलचा बचाव. न्यायालयाने ठरविले, की किल्ली हाती घेतली म्हणजे गाडी जपण्याची जबाबदारी हाती घेतली. गाडी परत देता येत नसेल तर आपला हलगर्जीपणा नव्हता हे हॉटेलनेच सिद्ध केले पाहिजे, आणि स्वतःच्या निष्काळजीपणापासून केवळ छापील ओळीने सुटका होत नाही. निकाल पंचतारांकित हॉटेलचा असला, तरी सामानाची बॅग गल्ल्यामागे ठेवून घेणाऱ्या आणि भिंतीवर ‘मालाची जबाबदारी आमच्यावर नाही’ अशी पाटी लावणाऱ्या लहान लॉजनेही तो मनावर घ्यावा.

अन्नाची जबाबदारी याहून गंभीर. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या ६५ व्या कलमाप्रमाणे, अन्नामुळे ग्राहकाचा मृत्यू झाल्यास किमान पाच लाख, गंभीर इजा झाल्यास तीन लाखांपर्यंत आणि अन्य इजेबद्दल एक लाखापर्यंत भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. एखाद्या वऱ्हाडाच्या पंगतीत पन्नास जणांना विषबाधा झाली, तर एका संध्याकाळीच धंद्याची सगळी पुंजी धोक्यात येते. यासाठी सार्वजनिक उत्तरदायित्वाचा विमा आहे. औद्योगिक नसलेल्या जागांसाठी असलेल्या या विम्याच्या कक्षेत हॉटेले, मोटेले, उपाहारगृहे व लॉजिंग-बोर्डिंग येतात. मात्र अन्नपेयांतून उद्भवणारी बाधा, पाहुण्यांचे सामान, पोहण्याचा तलाव, यांसाठी विस्तार मागून घ्यावा लागतो. तो आपोआप मिळतो असे गृहीत धरू नये. या विम्यात एका अपघातामागे किती आणि संपूर्ण वर्षात किती, अशा दोन मर्यादा असतात. लहान लॉजनेही पहिली मर्यादा ठरविताना आपल्याकडे एका वेळी किती माणसे असतात, हे मोजले पाहिजे.

ती माणसे मोजण्याचा आग्रह का, याचे उत्तर कुर्ल्यात आहे. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी तेथील सिटी किनारा या उपाहारगृहात वायुगळती होऊन भडकलेल्या आगीत आठ जण मरण पावले. त्यांतले बहुतेक दुपारच्या जेवणाला आलेले कोवळ्या वयाचे विद्यार्थी होते. परवान्याच्या अटी मोडून चाललेल्या त्या जागेकडे काणाडोळा केल्याबद्दल मुंबई महानगरपालिकेने प्रत्येक मृताच्या कुटुंबाला ५० लाख रुपये द्यावेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये दिला. जवळजवळ दहा वर्षे ते आईबाप न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारात एका गच्चीवरील उपाहारगृहात लागलेली आग शेजारच्या उपाहारगृहात पसरली आणि १४ जीव गेले. दिल्लीच्या करोलबागेत १२ फेब्रुवारी २०१९ रोजी अर्पित पॅलेस हॉटेलात १७, कोलकात्यात २९ एप्रिल २०२५ रोजी ऋतुराज हॉटेलात १४. पैशाने कोणाचे मूल परत येत नाही, हे खरेच. परंतु ज्या घराचा कमावता हात गेला, त्याला भरपाईसाठी दहा वर्षे ताटकळावे लागू नये, एवढी तरतूद ज्याच्या छपराखाली तो मेला त्याने आधीच करून ठेवावी, ही अपेक्षा मला कायद्याच्याही आधीची वाटते.

नोकरांचेही तसेच. भटारखान्यातील उकळत्या तेलापाशी, वायूच्या शेगडीपाशी बारा-बारा तास उभी राहणारी मुले बहुधा परप्रांतांतून वा दूरच्या खेड्यांतून आलेली असतात आणि रात्री तेथेच माळ्यावर झोपतात. दहा वा अधिक माणसे कामाला असतील, तर कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी मालकाचा वाटा सव्वातीन टक्के आणि नोकराचा पाऊण टक्का. त्याहून लहान जागी १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली कामगार-नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर असतेच, आणि तिचा स्वतंत्र विमा मिळतो. तो हप्ता वाचविणारा मालक जेव्हा नवीन दर्शनी पाटीवर लाखभर खर्च करतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

इतके विमे घेतले तरी दाव्याचा निकाल पुष्कळदा दाव्याच्या दिवशी लागत नाही. तो विमा घेताना भरलेल्या प्रस्तावपत्रावर आधीच लिहिला गेलेला असतो. विम्याचा करार परम सद्भावनेवर उभा आहे. जोखमीवर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट न विचारता सांगण्याचे दायित्व विमा घेणाऱ्यावर आहे. दोन मजल्यांची परवानगी असताना तिसरा चढविला, पोटमाळ्यावर सिलिंडर रचले, धंद्यासाठीचा १९ किलोचा सिलिंडर महाग पडतो म्हणून घरगुती १४.२ किलोचा वापरला, जिन्याखाली गाद्यांचा साठा केला, हे सारे प्रस्तावपत्रात येत नाही आणि सर्वेक्षकाच्या अहवालात मात्र हमखास येते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याप्रमाणे दर जानेवारी व जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन सादर करावे लागते. पैसे देऊन नुसता कागद आणणारा मालक स्वतःच्या विम्याचा पाया पोखरत असतो. तसेच १९३८ च्या विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे हप्ता कंपनीच्या हाती पडल्याखेरीज जोखीम सुरू होत नाही, म्हणून नूतनीकरणाची तारीख चुकली आणि त्याच मधल्या काळात आग लागली, तर कोणाकडेही दाद मागता येत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण कंपन्या प्रत्येक वेळी बरोबरच असतात असे मुळीच नाही. कोलकात्याजवळील वेदिक व्हिलेज या विश्रामस्थानाची २००९ साली जमावाने जाळपोळ केली, तेव्हा विमा कंपनीने दावा नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळताना म्हटले, की विमापत्रातील अपवादाचा आधार घ्यायचा असेल, तर तो अपवाद लागू पडतो हे कंपनीनेच सिद्ध केले पाहिजे. त्यामुळे मालकाने घटनेनंतर ताबडतोब कंपनीला लेखी खबर द्यावी, अग्निशमन दलाचा अहवाल, पोलीस पंचनामा व छायाचित्रे जमवावीत, सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत जळके सामान हलवू नये, आणि खरेदीची बिले व पाहुण्यांची नोंदवही यांच्या प्रती जागेपासून दूर, अन्य ठिकाणी ठेवाव्यात. ज्या कपाटात विमापत्र ठेवलेले, तेच कपाट आगीत गेले म्हणजे पुरावा उभा करताना फार हाल होतात.

दावा नाकारला गेला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे, मग लहान धंद्यांना खुल्या असलेल्या विमा लोकपालाकडे जाता येते. ग्राहक आयोगाचा दरवाजा मात्र बराच काळ वादात होता : हॉटेल नफ्यासाठी चालते, तेव्हा त्याचा मालक ग्राहक कसा, असा कंपन्यांचा आक्षेप असे. एप्रिल २०२३ मध्ये हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल लावला. विमा नफा मिळविण्यासाठी घेतला जात नाही, नुकसान भरून काढण्यासाठी घेतला जातो, म्हणून धंदेवाला विमाधारकही ग्राहकच ठरतो. आता विठ्ठलवाडीतल्या लॉजमालकाला आपली तक्रार घेऊन ठाणे जिल्हा ग्राहक आयोगापुढे उभे राहता येते.